बत्तीस पानांचं गुऱ्हाळ

मुलांसाठी माहितीचं बत्तीस पानांचं पुस्तक म्हटलं की लोकांना वाटतं, बत्तीस पानं लिहायची असतात. पहिलं पान नावाचं, दुसरं प्रकाशक, मुद्रक, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) यांचं, तिसऱ्यावर सुरुवात, बत्तिसाव्यावर शब्दांची यादी. उरतात चार ते एकतीस, म्हणजे समोरासमोरची चौदा जोडपानं. तिसरी-चौथीच्या मुलासाठी एका जोडपानावर साठ-सत्तरच्या वर शब्द गेले की चित्र गुदमरतं. म्हणजे सगळा खेळ नऊशे शब्दांचा. निपाणीकडच्या गुऱ्हाळावर केलेल्या आमच्या पुस्तकात ८९४ शब्द आहेत आणि ते व्हायला एका दिवाळीपासून दुसरी दिवाळी उलटून गेली. प्रत्यक्ष लिहिण्याला त्यातले जेमतेम तीन आठवडे लागले. बाकीचे दिवस कुठे गेले, ते सांगते.

आधी विषय. ‘ऊस’ हा विषय घेऊन बसलं तर पुस्तक होत नाही, निबंध होतो. विषयाला स्वतःची सुरुवात आणि शेवट असावा लागतो. गुऱ्हाळाला तो आयता आहे: मोळी येते, चरकात जाते, रस काहिलीत (मोठ्या पसरट कढईत), पाक वाफ्यात (ओतून निववायच्या जागी), शेवटी गुळाचा रवा (ढेप). दुसरी कसोटी, मुलाला ते जाऊन बघता येईल का? खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात बारापेडेच्या गुहा आहेत. तिथलं राऊटनचं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. विषय म्हणून सोन्यासारखा, पण मुलांनी जाऊन बघू नये असाच. गुहेत माणसांची वर्दळ वाढली की वटवाघळं जागा सोडतात. तो विषय आम्ही ठेवून दिला. तिसरी गोष्ट हंगाम. गुऱ्हाळ दिवाळीच्या मागेपुढे पेटतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला विझतं. एखादा फोटो राहून गेला तर थेट पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं, हे सुरुवातीलाच गृहीत धरावं लागतं. आम्ही धरलं नव्हतं.

घरून वाचून काय होतं? पाया होतो. गुऱ्हाळाबद्दल कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राचं साहित्य आहे. संकेश्वरला धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथे उसावर काम चालतं. बेळगावातच निजलिंगप्पा साखर संस्था आहे. रसात साखर किती, पाक कुठल्या तापमानाला उतरवतात, चुना कशासाठी घालतात, हे सगळं लिहिलेलं मिळतं. पण लिहिलेल्यात गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, उभा कुठे राहतो ते नसतं, आणि चित्रकार पहिल्याच दिवशी नेमकं तेच विचारतो.

म्हणून जाणं आलं. कमीत कमी तीन वेळा. पहिल्या खेपेला काहीही मोजायचं नाही. एका आधणाच्या सुरुवातीपासून, म्हणजे काहिलीत रस पडल्यापासून, गूळ निघेपर्यंत एका जागी बसायचं. त्याला अडीच-तीन तास लागतात. वही उघडली की माणसं मुलाखत द्यायला लागतात आणि हातातलं काम बदलतात. दुसऱ्या खेपेला मोजमाप. तिसऱ्या खेपेला चित्रकाराला घेऊन. पहाटे पाचची वेळ उत्तम, कारण थंडीत वाफ नीट दिसते. दुपारी बाराला तीच वाफ फोटोत येतच नाही.

पिशवीत काय असावं: जाड पुठ्ठ्याची वही, शिसपेन्सिल (पेनाची शाई वाफेत फुटते आणि रसाचे हात लागले की पान चिकटतं), पाच मीटरचा टेप, वीस किलोपर्यंतचा स्प्रिंग काटा, एक लिटरची रिकामी बाटली, जुना टॉवेल आणि थर्मामीटर. थर्मामीटरवर जरा थांबते, कारण तिथे पैसे वाया जातात. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर ११० अंशांपर्यंतच असतो. गुळाचा पाक ११८ ते १२० अंशांना उतरवतात. ११० चा थर्मामीटर त्यात बुडवला तर आतला द्रव टोकाला भिडून काच फुटते, आणि काच फुटलेली काहील म्हणजे अख्खं आधण फेकायचं. २०० अंशांपर्यंतचा घ्यावा, लांब दांड्याचा, आणि पाक काहिलीत न मोजता पळीभर बाहेर काढून लगेच मोजावा. गुळव्याच्या परवानगीशिवाय तर मुळीच नाही.

नवा थर्मामीटर आणला की घरी उकळत्या पाण्यात तपासायचा. बेळगावात तो १०० दाखवत नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास थांबतो. दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश, असा ढोबळ हिशेब. निपाणीचा भाग सहाशे मीटरच्या आसपास, म्हणून तिथे अठ्ठ्याण्णव. याच कारणाने पाक तयार होऊन त्याची गोळी धरली तेव्हा आमच्या थर्मामीटरवर ११६ होते आणि छापील माहितीत ११८. दोन्ही बरोबर. पुस्तकात आम्ही आकडा घातलाच नाही. ‘उकळत्या पाण्यापेक्षाही कितीतरी गरम’ एवढंच ठेवलं. चौथीच्या मुलाला ११८ मधून भाजण्याची कल्पना येत नाही. पण हा आकडा न घालण्यासाठीसुद्धा आधी तो माहीत असावा लागतो.

गुळव्याचा स्वतःचा थर्मामीटर म्हणजे वाटीभर थंड पाणी. पळीतला पाक त्यात सोडायचा. विरघळला तर कच्चा. खाली बसून बोटांनी गोळी वळली तर झाला.

“मामा, झाला का पाक?”

“थांबा की बाई. अजून गोळी धरंना झालीय.”

हा संवाद जसाच्या तसा पुस्तकात आला. त्याच्या खाली वाटीचं मोठं चित्र आहे, बाकी पान रिकामं.

आता आकडे. मुलांच्या पुस्तकातला आकडा मोठ्यांच्या पुस्तकातल्यापेक्षा जास्त जपावा लागतो, कारण मूल तो पाठ करतं आणि पुढची तीस वर्षं सांगत सुटतं. आमचा नियम असा की एकच गोष्ट तिघांना विचारायची आणि शेवटी स्वतः मोजायची. गुऱ्हाळाचा मालक, गुळव्या आणि चुलवाणाला चिपाड (रस काढून उरलेला चोथा) घालणारा जळव्या, तिघांनी एका आधणाला किती ऊस लागतो याची तीन उत्तरं दिली. कुणी खोटं बोलत नव्हतं. मालक दिवसाच्या गाडीचा हिशेब धरतो, त्यात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) आणि पाचटाचं (वाळक्या पाल्याचं) वजनही येतं. गुळव्याचा हिशेब काहील भरण्याचा. जळव्या ऊस बघतच नाही, त्याला किती चिपाड जळलं तेवढं माहीत.

मग टेप काढला. काहिलीचा व्यास २.६ मीटर, रसाची उंची सुमारे २० सेंटिमीटर. त्याच्या वर भरत नाहीत, कारण उकळताना फेस काठापर्यंत येतो. हिशेब केला तर हजार लिटरच्या आसपास रस. या आधणाचे दहा-दहा किलोचे अठरा रवे निघाले, म्हणजे १८० किलो. गुळव्याच्या म्हणण्याप्रमाणे ऊस पावणेदोन टन. शंभर किलो उसाला दहा ते बारा किलो गूळ पडतो असं छापील माहिती सांगते. आमचं उत्तर दहाच्या थोडं वर आलं. जुळलं. जुळलं नसतं तर पुन्हा जायचं होतं.

पण ‘पावणेदोन टन’ हे मुलाच्या हाताला लागत नाही. काट्याला दहा ऊस लावले, वाढे तोडलेले. साडेबारा किलो भरले. म्हणजे एक ऊस सव्वा किलोचा, आणि एक किलो गुळाला साधारण आठ ऊस. हे जोडपान मुलांना सगळ्यात आवडतं: डावीकडे आठ ऊस उभे, उजवीकडे गुळाचा खडा. तशीच घागरीची गोष्ट. हजार लिटर रसाचं वजन हजार किलोच्या थोडं वर असतं, त्यातून गूळ उरतो १८०. मळी (उकळताना वर येणारा रसातला कचरा) वगैरे सोडली तरी साडेआठशे लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. लिटरची बाटली घेऊन घरच्या घागरीत किती मावतं ते मोजलं, चौदा बाटल्या. साडेआठशे भागिले चौदा, साठ घागरी.

या एका वाक्याचा प्रवास सांगते, म्हणजे तीन आठवडे लिहिण्यात कसे जातात ते कळेल. पहिला खर्डा: ‘उसाच्या रसातील पाण्याचे बाष्पीभवन होऊन त्याची घनता वाढते.’ अचूक आहे आणि मेलेलं आहे. दुसरा: ‘रसातले पाणी वाफ होऊन उडते आणि रस घट्ट होतो.’ कळतं, पण दिसत नाही. तिसरा: ‘या एका काहिलीतून साठ घागरी पाणी वाफ होऊन उडून जाते. उरतो तो पाक.’ तेरा शब्द, दोन वाक्यं. एकही शब्द अवघड नाही, आणि तरी बाष्पीभवन पूर्ण सांगून झालं. ‘बाष्पीभवन’ हा शब्द शेवटच्या पानावरच्या यादीत ठेवला, कारण पाचवी-सहावीत तो पाठ्यपुस्तकात येणार आहे, तेव्हा ओळखीचा वाटावा.

लेखात मी ‘उडतं’ लिहिते आणि पुस्तकात ‘उडते’, हेही ठरवून. बोलीतल्या अनुस्वाराला आमचा विरोध नाही. पण वाचून घेताना काही मुलांनी ‘उडतं’, ‘पाणी गरम होतं’ यांतला अनुस्वार नाकात म्हटला आणि वाक्य अडखळलं. शाळेच्या पुस्तकात ती ‘होते’ वाचतात. म्हणून निवेदन प्रमाण लेखनात, आणि माणसं बोलतात तिथे मात्र ‘धरंना झालीय’. पुण्यामुंबईकडच्या एका संपादकांनी त्याचं ‘अजून गोळी धरत नाही’ करून पाठवलं होतं. ते आम्ही परत फिरवलं.

सीमाभागात शब्दांचा प्रश्न वेगळाच असतो. शब्दकोशात काहील, गुऱ्हाळावर कायल. शब्दकोशात आधण, गुळव्याच्या तोंडी आदण. पुस्तकात कोशातला शब्द घ्यायचा आणि संवादात गावातला, आणि यादीत दोन्ही शेजारी. तिसरा रकाना कन्नडचा. इथलं मराठी शाळेतलं मूल दिवसभर दोन भाषांतून ये-जा करतं, शाळेत कन्नड शिकतं, बाजारात ऐकतं. ऊस म्हणजे कब्बू, गूळ म्हणजे बेल्ल, गुऱ्हाळ म्हणजे आलेमने. उसाच्या रसाला कन्नडमध्ये ‘कब्बिन हालू’ म्हणतात, शब्दशः उसाचं दूध. ही यादी खरं तर जागा भरायला केली होती, आणि मुलं पुस्तक मिटायच्या आधी तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

‘रवा’ या शब्दाने मात्र फसवलं. कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात गुळाच्या मोठ्या ढेपेला रवा म्हणतात, बाजारात आवक रव्यांतच मोजतात. खानापूरकडच्या शाळेत पान वाचल्यावर पहिला प्रश्न आला, “उप्पीटाचा रवा गुळातनं कसा निघतो?” चुकी मुलाची नव्हती. आता त्या पानावर रव्याच्या शेजारी एक मुलगी उभी आहे, रवा तिच्या गुडघ्याएवढा, आणि खाली वाक्य: ‘गुळाच्या या ढेपेला इथे रवा म्हणतात.’ चित्र असताना शब्द खर्च करायचे नाहीत हे खरं, पण जिथे एक शब्द दोन अर्थांनी जगतो तिथे खर्च करावा.

गावांच्या नावांचं काय? बेळगावचं अधिकृत नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावी झालं. मराठीत आपण बेळगावच म्हणतो. पुस्तकात नकाशा हवा होता, आणि नावांवरून पुस्तक एखाद्या शाळेच्या दारातच अडू नये असंही वाटत होतं. नकाशात शेवटी नद्या ठेवल्या: वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला. हिरण्यकेशी घटप्रभेला. ऊस या पाण्यावर पिकतो, तेव्हा विषयालाही तेच धरून आहे. भारताचा पूर्ण नकाशा घालायचा असेल तर बाह्यरेषा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी तंतोतंत जुळायला हवी. इंटरनेटवरून उचललेल्या नकाशात काश्मीरची रेषा चुकलेली असते आणि छापून झाल्यावर ते कळलं तर अख्खी आवृत्ती रद्दीत जाते.

एका गोष्टीवर बरीच घासाघीस झाली. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी पाकात पावडर टाकतात, हायड्रॉस म्हणतात तिला, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. रंग उजळतो, काही दिवसांनी पुन्हा काळवंडतोही. जास्त झाली तर खाणाऱ्याला बरी नव्हे. लिहावं की नाही? ज्या गुऱ्हाळावर आपण बसलो, चहा प्यालो, त्यांच्या धंद्यावर बोट ठेवायचं का? पण माहितीचं पुस्तक लिहायचं आणि दिसलेलं लपवायचं, हेही जमत नाही. जमलं ते असं: मळी काढण्यासाठी रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस आणि थोडा चुना वापरतात, भेंडीच्या चिकट्याला रसातला कचरा धरून वर येतो, हे एक पूर्ण जोडपान. आणि गूळ निवडायच्या पानावर एक ओळ: ‘गूळ फार पांढरट पिवळा दिसला तर विचारा, यात पावडर घातली का?’ प्रश्न मुलाच्या तोंडी दिला.

मजकूर झाला की डमी, म्हणजे पुस्तकाची हाताने केलेली कच्ची प्रत. ए-फोर आकाराचे आठ कागद मधून दुमडले की बत्तीस पानं होतात. त्यावर मजकुराच्या पट्ट्या कापून चिकटवायच्या आणि चित्राच्या जागी पेन्सिलचा चौकोन. संगणकावर बघून हे समजत नाही, कारण पान उलटण्याचा क्षण हातालाच कळतो. प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी, उत्तर पान उलटल्यावर. ‘मळी काढली नाही तर काय होईल?’ हा प्रश्न पहिल्या डमीत डाव्या पानावर होता आणि उत्तर समोरच उजवीकडे. मुलांनी प्रश्न वाचलाच नाही, थेट उत्तर वाचलं.

ही डमी घेऊन शाळेत जायचं. मुख्याध्यापकांची परवानगी आधी, आणि परीक्षेचा मार्च टाळून. आम्ही बारा मुलं घेतो, चौथीची, वर्गातल्या बाईंनी निवडलेली: चार भराभर वाचणारी, चार मधली, चार अडखळणारी. एकेकाला व्हरांड्यात बसवून मोठ्याने वाचायला लावायचं, आणि हातातल्या प्रतीवर मूल जिथे थांबलं तिथे खूण. सुधारायचं नाही, मदत करायची नाही. बारापैकी तिघं एकाच ठिकाणी अडखळली तर वाक्य बदलायचं. अडखळण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच. एक, सलग दोन जोडाक्षरी शब्द. दोन, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्दगट, जसं ‘चुलवाणात’ एका ओळीत आणि ‘घालतात’ पुढच्या. तीन, क्रियापद कर्त्यापासून फार लांब. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य बारा शब्दांच्या पुढे गेलं की मूल शेवटाला पोचेपर्यंत कर्ता विसरतं. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून एकच प्रश्न विचारायचा: “घरी जाऊन काय सांगशील?” जे सांगतात ते पुस्तक. बाकीचं आपल्या हौसेसाठी लिहिलेलं असतं.

चित्रकाराबरोबरचं काम म्हणजे अर्धं पुस्तक. त्याला फोटो द्यावे लागतात, पन्नास-साठ नव्हे, तीनशेच्या घरात, आणि प्रत्येकाला क्रमांक. तरी पहिल्या रफ चित्रांत चरकाला बैल जुंपलेले आले. बैलाचा चरक देखणा असतो, कॅलेंडरवर शोभतो, पण आम्ही बघितलेला चरक मोटरवर चालतो आणि मुलं तोच बघणार. काहिलीखाली चहूबाजूंनी ज्वाळा काढल्या होत्या. प्रत्यक्षात आग जमिनीखालच्या चुलवाणात असते, एका तोंडातून चिपाड आत जातं आणि धूर दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर. हे समजावं म्हणून मधोमध कापल्यासारखं चित्र काढून घेतलं. वाफ आणि धूर एकाच करड्या रंगात होते. वाफ पांढरी, काहिलीच्या वर. धूर करडा, धुराड्यावर. हे वेगळे दाखवले नाहीत तर साठ घागरींचं पान कोसळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काहिलीच्या काठावर वाकून बघणारं मूल काढून टाकलं. चरकात ऊस सारणारा लहान हातही काढला. चित्र गोड होतं, पण मुलं चित्राची नक्कल करतात.

मग अक्षरजुळणी, आणि इथे पुस्तकाचं नावच आडवं आलं. ‘गुऱ्हाळ’मधला ऱ्ह हा नुक्त्याच्या ऱ पासून बनतो. आपण युनिकोडमध्ये नीट टाइप केलं तरी अक्षरजुळणीवाले मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलून घेतात आणि त्या बदलात हा डोळ्यावरच्या केसासारखा र गळतो. पहिल्या प्रुफात ‘गुर्हाळ’ आलं, रफार ह च्या डोक्यावर. ‘दुसऱ्या’ची ‘दुसर्या’ झाली, ‘कोपऱ्यात’चं ‘कोपर्यात’. सगळे र्य एकदम बदलून ऱ्य करा, असं सांगायचा मोह होतो. सांगू नये. मग ‘सूर्य’चा ‘सूऱ्य’ होतो. एकेक शोधून, बघून बदलावं लागतं. संपूर्ण पुस्तकात अशा सत्तावीस जागा निघाल्या. दुसरी भानगड ल आणि श यांची. काही फाँट परिच्छेदाची भाषा मराठी निवडल्याशिवाय हिंदी वळणाचा ल आणि श दाखवतात. मुलं शाळेत मराठी वळण गिरवतात, त्यांना ते अक्षर परकं वाटतं. इनडिझाइन हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर वापरणारा असेल तर त्यातला देवनागरीसाठीचा कंपोजर (अक्षरं जुळवणारी सोय) चालू आहे ना हे विचारावं, नाहीतर जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात. अक्षराचा आकार १८ पॉइंटच्या खाली नको.

छपाईचं थोडक्यात. २० बाय ३० इंची कागदाच्या एका तावातून सोळा पानं निघतात, म्हणून बत्तीस पानं म्हणजे दोन ताव, कागद वाया जात नाही. पुस्तक तीस पानांत संपलं म्हणून खर्च वाचत नाही. आतला कागद १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅप्लिथो, म्हणजे बिनचकाकीचा, मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्ट कार्ड, बांधणी मधोमध पिना मारून. मॅप्लिथो शाई पितो, म्हणून गुळाचा तपकिरी सोनेरी रंग त्यावर मळकट होतो, आणि निळी शाई थोडी जरी जास्त पडली तर गूळ हिरवट दिसतो. पडद्यावर बघून होकार देऊ नये, त्याच कागदावर रंगीत प्रूफ मागावं. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा, रंगीत अक्षरं नकोत, चित्रावर पांढरी अक्षरंही नकोत. याचा फायदा आमच्या भागात दुप्पट. उद्या कन्नड आवृत्ती काढायची झाली तर दोन ताव, प्रत्येकाच्या दोन बाजू आणि चार रंग अशा छपाईच्या सोळा प्लेटांपैकी काळ्या रंगाच्या चारच नव्या कराव्या लागतात, बाकी बारा त्याच. कन्नड मजकुराला किती जागा लागेल ते सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक चौकटीत थोडी जागा मोकळी सोडलेली बरी.

करार वाचून सही करावी. मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क पाच वर्षांसाठी दिले असं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. अनुवादाचे हक्क वेगळ्या कलमात मागावेत, सीमाभागातल्या लेखकाने तर नक्कीच. मानधन दहा टक्के म्हणजे १२० रुपये किमतीच्या प्रतीमागे बारा रुपये, तेही विकलेल्या प्रतीवर. हजारच्या हजार खपल्या तर बारा हजार. त्यातून निपाणीच्या खेपा, थर्मामीटर, फोटोंच्या प्रती वजा करा. यावर घर चालत नाही. वर्तमानपत्रांच्या बालपुरवण्या, शाळांतल्या कार्यशाळा आणि कन्नडमधून मराठीत अनुवाद, यावर चालतं. स्वतः प्रकाशित करणार असाल तर आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन मोफत मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या चार ग्रंथालयांना एकेक प्रत धाडायची असते. छोटे प्रकाशक हे बहुतेक विसरतात.

पुस्तक विकलं जातं ते दुकानापेक्षा संमेलनात. कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव, कारदगा, थंडीच्या दिवसांत इकडे रविवारागणिक कुठे ना कुठे ग्रामीण मराठी साहित्य संमेलन असतं. टेबलावर पुस्तकाशेजारी गुळाचा खरा खडा आणि उसाचं कांडं ठेवावं, मुलं थांबतात. मुलं थांबली की आया थांबतात. सुट्टे वीस रुपये भरपूर न्यावेत. अडचण एवढीच की संमेलनाचे दिवस आणि गुऱ्हाळाचे दिवस एकच.

पहिल्या आवृत्तीची एक प्रत आम्ही दुरुस्तीसाठी वेगळी ठेवतो, पिवळ्या पट्ट्या लावून. आतापर्यंत पाच पट्ट्या आहेत. चार किरकोळ. पाचवी पान अकराची, आणि ती एका संमेलनात टेबलाशी उभ्या राहिलेल्या मुलाने दाखवली. चित्रात चरकातून निघालेलं चिपाड थेट चुलवाणाकडे चाललंय. ओलं चिपाड पेटत नाही, आधी ते मोकळ्यावर पसरून वाळवावं लागतं. गुऱ्हाळाच्या बाहेर केवढी तरी जागा त्यासाठीच असते. तीन खेपांत आम्ही त्याच चिपाडावरून चालत आत गेलो होतो, आणि तीनशे फोटोंत त्याचा एकही नाही. चित्रकाराला फोटो हवा आहे. मामांना फोन केला, तर चुलवाण चार दिवसांपूर्वीच विझलेलं. म्हणाले, “दिवाळी झाल्यावर या की बाई, पसरून ठेवतो.”